फाटकावरच्या दोन थापा

दुपारी दोनचा भोंगा झाला की कौलांच्या कारखान्यातली अर्धी माणसं फाटकाशी जमायची. तशी कुणी सुट्टी दिलेली नव्हती. पण भट्टीवरचे लोक घाम पुसायच्या निमित्ताने बाहेर यायचे, साच्यावरच्या बाया हाताची माती न धुताच यायच्या, आणि त्यांना हाकलायला म्हणून आलेला मुकादम स्वतःच मान उंच करून उभा राहायचा. सगळे फाटकापासून वीस पावलं लांब. त्याच्या पुढे जायची कुणाची छाती नव्हती.

मग आतल्या रस्त्याने पिकअप यायची. राखाडी, जुनी, मागे कौलांची चळत लादलेली. ड्रायव्हर फाटकाच्या अलीकडे टेप बंद करायचा, दोन्ही काचा खाली घ्यायचा आणि ओठ आवळून गाडी पुढे घालायचा. फाटकाच्या तोंडाशी आडवा नाला होता, त्यावर लोखंडी जाळी. जाळीचा डावीकडचा गज तुटून तिथे खळगा पडला होता. पुढचं चाक त्यावरून गेलं की आवाज यायचा.

टक. टक.

दोनदा. कमी नाही, जास्त नाही. मागोमाग कुणी दात आवळून कण्हावं तसा एक लांब, बारीक स्वर. गाडी रस्त्याला लागायची, आणि मागे उरलेली माणसं एकमेकांकडे न बघता पांगायची.

आता खळग्यातून जाणारी जुनी गाडी वाजली तर त्यात एवढं काय, असं परक्या माणसाला वाटेल. पण माल भरणाऱ्यांची एक भाषा असते. गाडीमागे उभा असलेला माणूस पत्र्यावर एक थाप मारतो, म्हणजे जाऊ दे. दोन थापा मारतो, म्हणजे थांब, मागे माणूस आहे. आठ महिन्यांपूर्वी याच फाटकाशी, हीच गाडी मागे येत असताना, माल भरणाऱ्या थोरल्या भावाने दोन थापा मारल्या होत्या. स्टिअरिंगवर त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता, हाच ड्रायव्हर. काचा वर होत्या आणि टेप मोठ्याने लागलेला होता. थोरला गाडी आणि फाटकाचा खांब यांच्यामध्ये सापडला आणि जागीच गेला. त्यानंतर मालकाने भिंतीवर लाल रंगात लिहून घेतलं, की फाटकाशी टेप बंद आणि काचा खाली. आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात गाडी ठोकायला लागली.

थोरल्याची बायको त्याच कारखान्यात होती. सगळे तिला वहिनी म्हणत, अगदी मुकादमसुद्धा, जो तिच्या वडिलांच्या वयाचा होता. तिचं काम ऐकायचं. भट्टीतून निघालेलं प्रत्येक कौल ती डाव्या हातावर तोलायची आणि लाकडी ठोकणीने एकदा वाजवायची. खणखणीत वाजलं तर चळतीवर, बद्द वाजलं तर ढिगाऱ्यावर. डोळ्यांना न दिसणारी केसाएवढी चीरही तिच्या कानातून सुटत नसे. बारा वर्षं ती हेच करत होती. एवढी वर्षं ठोकून तिच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती, की आवाज कधी एकटा नसतो. एक वस्तू दुसरीवर आपटते तेव्हा तो निघतो, आणि त्या दोन्ही वस्तू कुठेतरी असतात.

पण फाटकावरच्या दोन थापांबद्दल तिने हा विचार केला नव्हता. का केला नव्हता, ते लपवण्यात अर्थ नाही. दुपारी दोन वाजता तीही त्या गर्दीत उभी असायची, सगळ्यांच्या मागे, आणि ‘टक टक’ झालं की मनातल्या मनात म्हणायची, ऐकलं हो. बाकीच्यांना भीती वाटायची. तिला बरं वाटायचं.

अशा ठिकाणी कानबाबांचं आगमन व्हायला उशीर लागत नाही, तसा तो लागला नाही. बाबांचा मुक्काम डोंगराखाली, पुलाच्या पलीकडे. भिंती, भांडी, पलंग, कपाटं, जे म्हणाल त्याला कान लावून बाबा मेलेल्यांचं बोलणं ऐकत. त्यांचं म्हणणं असं, की मेलेला माणूस तोंडाने बोलू शकत नाही, कारण तोंड इथेच राहतं. म्हणून तो वस्तूंतून बोलतो. वस्तू मात्र वाटेल त्या कानाशी बोलत नाहीत. बाबांचा उजवा कान हा त्या कामासाठीच होता. डाव्या कानाने ते फक्त जेवण तयार आहे का एवढंच ऐकत असावेत.

बाबा आले, त्यांनी डोळे मिटले आणि बॉनेटवर कान टेकवला. गाडी नुकतीच गावाला जाऊन आली होती, पत्रा तापलेला. कान झटक्याने वर आला. “फार धग आहे त्याच्या मनात,” बाबा म्हणाले, आणि मग दरवाजाच्या सावलीतल्या बाजूला कान लावून राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, की त्याचं काहीतरी राहून गेलंय, पाण्याचं की घराचं की रक्ताच्या नात्याचं? गर्दीतून कुणीतरी म्हणालं, नात्याचंच असणार. “नात्याचं,” बाबा म्हणाले. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कसं कळलं असेल यांना?

उपाय ठरला. बाबांच्या चेल्याने पितळी झारीतलं मंतरलेलं पाणी चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओतलं, चांगलं वाकून, हात आत घालून. मग बाबा अनवाणी पुढे आणि गाडी त्यांच्या मागे, त्यांच्या पावलाच्या गतीने. चाक खळग्यात हळूच उतरलं, हळूच वर आलं. आवाज आला नाही. थापा नाहीत आणि कण्हणंही नाही. गर्दीतली एक बाई हमसून हमसून रडायला लागली. धाकटा गाडीतून उतरला आणि रस्त्यावर आडवा होऊन त्याने बाबांचे पाय धरले. तीन दिवस फाटकाशी गाडी माणसाच्या चालीपेक्षा जोरात न्यायची नाही, असं सांगून बाबा गेले. तीन दिवस फाटक गप्प राहिलं.

चौथ्या दिवशी थापा परत आल्या. आधीपेक्षा मोठ्या.

त्यानंतर सगळंच बिघडत गेलं. बाबांनी झारी घेऊन आणखी चार फेऱ्या केल्या. दर वेळी तीन दिवस शांतता, आणि चौथ्या दिवशी आवाज आणखी जड. धाकट्याच्या डोळ्यांखाली काळं आलं. तो जेवता जेवता मध्येच हात थांबवून कानोसा घ्यायचा. कुणी दाराची कडी वाजवली की त्याच्या हातातून भांडं पडायचं. सव्वीस वर्षांचा तरणाताठा माणूस, पण जिना चढताना भिंत धरायला लागला होता. पाचव्या फेरीला बाबांनी गाडीवरचा कान उचलला आणि सांगितलं, की घरात कुणीतरी अविश्वासाने बघतंय म्हणून त्याची सुटका होत नाही. बोलताना ते कुणाकडेच बघत नव्हते, पण गर्दी वहिनीकडे बघत होती. दुसऱ्या दिवसापासून कौलं तपासायच्या ओट्यावर तिच्या शेजारी कुणी बसेना. सासूबाईंनी तिच्या हातचा चहा घ्यायचं सोडलं.

मग शेवटचा उपाय निघाला. येत्या रविवारी भर दुपारी गाडी कौलांनी भरायची. केबिनमध्ये धाकट्याशेजारी त्याची आई, वहिनी आणि वहिनीची सात वर्षांची लेक, थोरल्याचं सगळं जवळचं नातं. फाटकातून निघायचं आणि डोंगराचा उतार उतरून थेट पुलापलीकडे बाबांच्या मुक्कामी. गाडी धाकट्याच्या घरचीच होती, ती किल्लीसकट तिथेच सोडायची, परत आणायची नाही. आणि वाटेत एक नियम पाळायचा.

“तो ठोकेल,” बाबा धाकट्याला म्हणाले. “जीव तोडून ठोकेल. तू थांबायचं नाहीस. थांबलास तर तो गाडीतून तुझ्यात येईल.”

धाकट्याने मान डोलावली. सासूबाईंनी हात जोडले. गर्दीतून एक सुस्कारा गेला. वहिनीच्या मात्र अंगावर काटा आला, आणि तो भुताच्या भीतीने नव्हता.

त्या दिवशी तिने संध्याकाळी लेकीचे केस विंचरले ते नुसत्या हाताने, डोकं दुसरीकडेच होतं. तिचा नवरा वीस वर्षं गाड्यांच्या मागे उभा राहिला होता. दोन थापा म्हणजे थांब, हे त्याने किती नव्या ड्रायव्हरांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं असेल. एकाने ऐकलं नाही म्हणून त्याचा जीव गेला. आणि आता तोच माणूस मेल्यावर ठोकतोय आणि उपाय काय, तर थांबू नका? मेलेला असो की जिवंत, तिचा नवरा हे मान्य करणं शक्य नव्हतं. जो कुणी हे सांगत होता त्याला तिच्या नवऱ्याचं काहीच ऐकू आलेलं नव्हतं.

मग ठोकतंय कोण? हा प्रश्न तिने आठ महिन्यांत पहिल्यांदा विचारला. विचारताना तिला रडू आलं, कारण उत्तर सापडलं तर ‘ऐकलं हो’ म्हणायला काही उरणार नव्हतं, हे तिला तेव्हाच कळलं होतं.

गुरुवारी भरलेली गाडी निघाली तेव्हा ती मागे चढली आणि फाळक्याला, म्हणजे मागच्या पत्र्याच्या झडपेला, टेकून उभी राहिली, बरोबर जिथे नवरा थापा मारायचा तिथे. मुकादम ओरडला, तिने लक्ष दिलं नाही. गाडी फाटकावर आली. टक, टक. तिने डोळे मिटून घेतले होते. आवाज तिच्या जवळून आला नाही. पुढून आला, खालून आला, आणि डावीकडून आला. मागून थाप मारणाऱ्याचा आवाज पुढून कसा येईल?

शुक्रवारी ती केबिनमध्ये बसली. फाटकाकडे जायच्या आधी वाळवणीच्या शेडमागे विहिरीजवळ एक खड्डा लागायचा. त्याच्या अलीकडे तिने हात लांब करून टेप बंद केला आणि काच खाली घेतली. धाकटा दचकला. गाडी खड्ड्यातून गेली. टक, टक, आणि मागोमाग ते कण्हणं.

“भाऊजी, ऐकलंत? तुमच्या दादाला जे झालं ते इथे नव्हतं झालं. हा आवाज रोज इथे होतोय. पण इथे टेप चालू असतो. फाटकाशी आपण कान टवकारून बसतो, म्हणून तो फाटकाशी आहे असं वाटतं.”

तिला वाटलं, आता याच्या जिवाला उसंत मिळेल. धाकट्याचा चेहरा आणखीच पांढरा पडला. त्याने गाडी उभी केली आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. आता तो सगळीकडे यायला लागला, असं पुटपुटत तो बसून राहिला. आत्तापर्यंत भूत निदान एका जागी तरी होतं, वहिनीने ते विहिरीपर्यंत आणून सोडलं. घाबरलेल्या माणसाला नुसतं सांगून भागत नाही, हे तिला त्या दिवशी समजलं. त्याला हातात धरायला काहीतरी द्यावं लागतं.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट तिच्या नजरेला पडली. दुपारी गाडी परत आल्यावर चेला झारी ओतून गेला होता. गाडी उभी असलेल्या जागी मातीत पाण्याचं थारोळं होतं, आणि त्यावर ऊन पडल्यावर जांभळा, हिरवा, पिवळा तवंग चमकत होता. वहिनी वाकली, बोट बुडवून वास घेतला. तो वास तिला अनोळखी नव्हता. साच्याला माती चिकटू नये म्हणून लावतात त्या पातळ तेलाची जातकुळी. मंतरलेल्या पाण्यात मंत्र किती होता कोण जाणे, तेल मात्र मुबलक होतं.

शनिवारी ती फिटरकाकांकडे गेली. साच्यांची यंत्रं सांभाळणारे फिटरकाका कारखान्यातले सगळ्यात जुने आणि सगळ्यात कमी बोलणारे. तिने तेलाचं सांगितलं, पुढून येणाऱ्या आवाजाचं सांगितलं. काका बराच वेळ हातातला पाना पुसत राहिले. त्यांची बायको दर आठवड्याला बाबांच्या मुक्कामी जायची, हे सगळ्यांना माहीत होतं. आपल्याला यात पडायचं नाही, असं ते सरळच म्हणाले. तिने लेक त्या गाडीत बसणार असल्याचं सांगितलं. मग काकांचा हात थांबला.

“ओझ्याखाली सांधा गप बसतो, पोरी,” ते म्हणाले. “ओझं काढ आणि हलवून बघ. मग तो बोलतो.”

जॅक कुठे असतो आणि पहार कुठे, तेवढं दाखवून ते पाठ फिरवून निघून गेले.

रविवारी कारखाना बंद होता, तरी एवढी गर्दी कधी जमली नव्हती. लोक बायकापोरांना घेऊन आले होते. ऊन असं, की फाटकाच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. भरलेली गाडी जाळीच्या अलीकडे उभी होती. सासूबाई केबिनमध्ये जाऊन बसल्या होत्या, हात मांडीवर, डोळे समोर, जणू आता त्यांना कुठून परत यायचंच नव्हतं. लेक त्यांच्या कुशीत. बाबा आपल्या पांढऱ्या मोटारीशेजारी उभे होते. ते पुढे जाणार होते आणि मुक्कामी वाट बघणार होते. चेला चाकांपाशी वाकून झारी रिकामी करत होता.

वहिनी गाडीत बसली नाही. ती बाबांसमोर येऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बाबा, तुम्हीही आमच्याबरोबर गाडीत चला. मी मागे कौलांवर बसते, तुम्हाला केबिनमध्ये जागा करून देते.”

बाबा हसले. हे घरच्यांचं काम आहे, म्हणाले. तिने पुन्हा विनवलं. बाबांनी आभाळाकडे बघितलं, वेळ टळत चालल्याचं सांगितलं. मग तिने चेल्याला विचारलं, की तुम्ही तरी बसाल का? चेला झारी घट्ट धरून एक पाऊल मागे सरकला. ते लोकांनी पाहिलं, पण त्याचा अर्थ अजून कुणाच्या ध्यानात आला नव्हता.

वहिनीने केबिनचं दार उघडून लेकीला खाली उतरवलं. सासूबाईंचा हात नातीच्या मागे हवेत तसाच राहिला. वहिनीने त्यांनाही हात दिला. त्या का उतरल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं, पण उतरल्या. मग तिने धाकट्याला हाक मारली, की भाऊजी, खाली या आणि माझ्याशेजारी उभे राहा. गाडीत कुणीही नको. गाडीमागेही कुणी नको. मुकादम, तुम्ही मागे जाऊन बघा, तिथे कुणी आहे का?

मुकादम घाबरत घाबरत मागे गेला आणि कुणी नाही असं म्हणाला.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. बाबा मोठ्याने म्हणाले, की ही बाई अनर्थ करणार आहे, आत्ता तो अस्वस्थ आहे, गाडीला हात लावू देऊ नका. दोघं-तिघं पुढे सरसावलेही. तेव्हा गर्दी बाजूला सारत फिटरकाका आले. त्यांच्या एका हातात जॅक होता आणि खांद्यावर पहार. त्यांनी मागच्या चाकांना विटा लावल्या, डाव्या बाजूला पुढच्या आडव्या हाताखाली, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या लोखंडी पट्टीखाली, जॅक बसवला आणि दांडा मारायला लागले. चाक जमिनीपासून चार बोटं वर उचललं गेलं.

वहिनीने कमरेला खोचलेली ठोकणी काढली. गाडीखाली वाकून तिने एकेक सांधा वाजवला, कौल वाजवावं तसा, एकदाच आणि हलक्या हाताने. खण. खण. खण. प्रत्येक आवाजानंतर थांबायची. चाकाजवळच्या शेवटच्या सांध्यावर ठोकणी पडली. बद्द. फुटक्या कौलासारखं.

तिने पहारीचं टोक चाकाखाली सरकवलं.

“भाऊजी, माझ्याकडे बघा,” ती म्हणाली. “गाडी उभी आहे. आत कुणी नाही, मागे कुणी नाही. तुम्ही इथे आहात. आता ही पहार तुम्ही उचला.”

धाकट्याने पहार धरली, उचलली. चाक अंगठ्याएवढं वर सरकलं.

टक.

गर्दीतल्या कुणीतरी किंकाळी अर्धवट गिळली. धाकटा तसाच गोठला. वहिनी म्हणाली, “आता सोडा.” त्याने पहार खाली सोडली.

टक.

“एकदा सांधा उचलला जातो तेव्हा, एकदा बसतो तेव्हा,” ती म्हणाली. “खळग्यात चाक पडतं आणि वर येतं. म्हणून दोन.”

धाकट्याने पुन्हा पहार उचलली. टक. सोडली. टक. त्याने ते सात-आठ वेळा केलं असेल. प्रत्येक वेळी तो हाताकडे बघायचा, चाकाकडे बघायचा. भर दुपारी, दीडदोनशे माणसांसमोर, मेलेला भाऊ त्याच्या हातातल्या पहारीवर हुकमासरशी ठोकत होता. शेवटी त्याने पहार टाकली आणि मातीत बसला.

मग फिटरकाकांनी चाक उतरवलं आणि नट खोलून तो सांधा बाहेर काढला. त्याला बॉल जॉइंट म्हणतात. लोखंडाच्या वाटीत एक गोटी असते, ती फिरते म्हणून चाक वळतं, आणि तिच्याच आधारावर चाक गाडीला धरून राहतं. वाटीत वंगण भरलेलं असतं, वरून रबराची टोपी. इथे टोपी फाटलेली होती. काकांनी वाटी पालथी केली तर तिच्यातून विटकरी रंगाचं गंजकं पाणी ओघळलं. आणि गोटी, जी दोन माणसांनी ओढून निघता कामा नये, ती आपसूक घरंगळून काकांच्या तळहातावर आली.

काकांनी तो हात सगळ्यांसमोर धरला. ते म्हणाले, की आधीचं वंगण या झारीने धुऊन काढलं. तेलपाण्याने कण्हणं दोन-तीन दिवस दबतं, आणि गाडी माणसाच्या चालीने नेली तर ठोकतही नाही. वरून शांत आणि आतून झिजतंय. डोंगराच्या पहिल्या वळणाला चाक आडवं पडलं असतं. खाली काय आहे ते तुम्हाला माहीत आहे.

खाली दरी होती. सासूबाईंनी नातीला इतकं घट्ट धरलं, की पोरगी कुरकुरली.

“यातलं बाबांना काय ठाऊक असणार?” गर्दीतून एक जण म्हणाला, अजूनही त्यांची बाजू सावरत. तेव्हा चेल्याच्या हातातली झारी खाली पडली. तो बाबांकडे येण्याआधी ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कामावर होता, हे मागून कळलं.

“मी सांगितलं होतं,” तो म्हणाला. “पहिल्याच दिवशी. सांधा गेलाय म्हणून. बाबा म्हणाले, मग गाडी आपल्या हाती येईपर्यंत तुटणार नाही ना, एवढंच बघ.”

बाबांच्या उजव्या कानाला हे ऐकू गेलं की डाव्या, ते सांगता येत नाही. ते मोटारीत बसले होते. दार लावून घेतलं, काच वर केली आणि गाडी चालू केली. मुकादमाने त्यांच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. बाबा थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी पोलिसांना चेल्याने सगळं लिहून दिलं तेव्हा मात्र त्यांना थांबावं लागलं.

फाटकाशी लोक पांगत होते. काही जण वहिनीजवळ येऊन काहीतरी बोलून गेले, काही जण मान खाली घालून नुसतेच गेले. धाकटा मातीतच बसला होता. ती त्याच्याशेजारी बसली.

तो म्हणाला, “म्हणजे दादा नव्हताच.”

“नव्हता.”

“मला वाटलं, तो मला सांगतोय, की त्या दिवशी का नाही ऐकलंस.”

तुमची काही चूक नव्हती असं म्हणणं सोपं होतं. पण बारा वर्षांत तिने फुटक्या कौलाला कधी चांगलं म्हटलं नव्हतं.

“त्या दिवशी त्यांनी ठोकलं आणि तुम्ही ऐकलं नाहीत, हे खरं आहे,” ती म्हणाली. “ते तुम्हाला जन्मभर बोचणार, मलाही. त्यावर कुणाकडे पाणी नाही, भाऊजी. पण गाडीतला आवाज लोखंडाचा होता. आपण दुःखात होतो म्हणून त्याला माणूस समजलो. आणि तो खरंच सांगत होता, थांबा म्हणून. त्याच्याकडे बघायचं सोडून आपण त्याला गप्प करत बसलो.”

धाकटा रडला. आठ महिन्यांत पहिल्यांदा, मोठ्याने, लहान मुलासारखा. सासूबाई आल्या आणि त्या दोघांच्या मध्ये मातीतच बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी वहिनीला विचारलं, घरी गेल्यावर चहा टाकशील का?

नवा सांधा बसला. नाल्यावरच्या जाळीचा गजही नवा घातला. बुधवारी दोनच्या भोंग्याला भरलेली गाडी फाटकावर आली, टेप बंद, काचा खाली, आणि काही न वाजता बाहेर पडली. बघायला कुणी आलं नव्हतं. एकटी वहिनी ठोकणी हातात घेऊन उभी होती. गाडी दिसेनाशी झाल्यावरही ती थोडा वेळ उभी राहिली. तिच्यापुरतं फाटक आता रिकामं होतं, आणि ते तसंच असायला हवं हे तिला पटलेलं होतं, तरी डोळे भरून आले.

मग ती आत गेली. भिंतीवरच्या लाल ओळीखाली तिने कौलाच्या तुकड्याने आणखी एक ओळ लिहिली. मुकादमाने ती पुढे रंगवून घेतली आणि ती अजून तिथे आहे. गाडी असो, घर असो की शरीर, कुठेही न कळणारा आवाज आला तर ती ओळ उपयोगी पडावी:

दोन थापा ऐकल्या की थांबा, खाली उतरा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा.